पाड्यावर आलेली पिशवी परत जात नाही



गेल्या वर्षी मृगाच्या सुमारास आम्ही जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर गेलो होतो. शाळा उघडण्याआधी मुलांच्या वह्यांची यादी करायची होती. पहिल्याच घरापुढे माणसे जमलेली दिसली. त्या घरचा एक बैल तीन दिवसांपासून चारा खात नव्हता. रवंथ थांबले होते आणि डावी कूस फुगून टणक झाली होती. तालुक्याहून गुरांचे डॉक्टर आले, पण तोवर उशीर झाला होता. मेलेल्या बैलाचे पोट उघडले तेव्हा आतून प्लास्टिकच्या पिशव्यांचा घट्ट पिळलेला गोळा निघाला. त्यात सुतळी होती, तेलकट पुड्या होत्या, गोळ्या-बिस्किटांचे कागद होते.

पाऊस दारात आला होता. चिखलणी तोंडावर होती आणि जोडीतला एकच बैल उरला होता. घरधनी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, आमच्या लहानपणी बैल वाघाने मारलेला ऐकला होता, साप चावून मेलेला पाहिला होता. पिशवीने मेलेला पहिल्यांदाच पाहिला."

परत येताना मी रस्त्याकडेला पाहत चालले होते. समाजमंदिराच्या मागे, करवंदीच्या जाळीत, पातळ पारदर्शक पिशव्या अडकलेल्या होत्या. त्या मी ओळखल्या. डिसेंबरमध्ये आपण याच ठिकाणी मुलांना स्वेटर वाटले होते आणि प्रत्येक स्वेटर अशाच एका पिशवीत होता. बैलाच्या पोटातली पिशवी आपली होती असे मी म्हणत नाही. पण जाळीतली आपलीच होती. म्हणून या अंकात प्लास्टिकच्या पिशवीबद्दल सविस्तर लिहावेसे वाटले.

घंटागाडी नसलेल्या गावात

शहरात आपण कचरा डब्यात टाकतो, सकाळी घंटागाडी येते आणि कचरा नजरेआड होतो. त्याचे पुढे काय होते हा वेगळा प्रश्न आहे, पण निदान तो दारातून हलतो. डोंगरातल्या बहुतेक पाड्यांवर घंटागाडी नाही आणि कचऱ्याचा डेपोही नाही. आजवर त्याची गरजही नव्हती. घरातला कचरा म्हणजे राख, शेण, पालापाचोळा, भाताचा तूस, भाजीची देठे. तो उकिरड्यात जाई आणि वर्षभराने खत होऊन शेतात येई. काही टाकून द्यायचे असते ही कल्पनाच त्या व्यवस्थेत नव्हती.

प्लास्टिकची पिशवी याच उकिरड्यात येऊन पडली आणि तिथेच राहिली. पाड्यावर आलेल्या पिशवीला तीनच वाटा आहेत: गुराच्या पोटात, चुलीत, नाहीतर ओहोळात आणि शेतात. चौथी वाट, म्हणजे आली तिकडे परत जाण्याची, तिला नाही.

ही पिशवी कशाची असते

बाजारातल्या बहुतेक पातळ पिशव्या पॉलिथिन नावाच्या प्लास्टिकच्या असतात. खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांपासून ते तयार होते. हातात धरायला बंद असलेली आजची पिशवी स्वीडनमधील स्टेन गुस्ताफ थुलिन या अभियंत्याने घडवली आणि १९६५ मध्ये तिचे पेटंट घेतले गेले. हलकी, स्वस्त आणि पाण्याने न भिजणारी असल्यामुळे ती जगभर पसरली. याच गुणांमुळे ती नकोशीही झाली. हलकी म्हणून वाऱ्याबरोबर उडते, स्वस्त म्हणून फेकली जाते, आणि पाणी व जंतू तिला जुमानत नाहीत म्हणून कुजत नाही. ऊन लागून ती कडक होते, तिचे तुकडे पडतात, तुकड्यांचे कण होतात. पण तिची माती होत नाही.

पिशवीची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. भाजीवाल्याकडची पातळ पिशवी साधारण २० मायक्रॉनची धरली, तर मध्यम आकाराच्या अशा पिशवीचे वजन चार-साडेचार ग्रॅम भरते. म्हणजे एक किलो भरायला सव्वादोनशेच्या आसपास पिशव्या वेचाव्या लागतील, आणि त्याही चिखल धुऊन, वाळवून. भंगारवाला पाड्यावर येतो, लोखंड घेतो, बाटल्या घेतो, पण पिशव्या घेत नाही. त्याला ते परवडत नाही. पातळ पिशवीवरच बंदी आधी का आली, याचे एक कारण हेच आहे. तिला वेचणारा कोणी नसतो.

गुराच्या पोटात

गाय-बैल ओठांनी आणि जिभेने चारा गोळा करून भराभर गिळतात आणि नंतर निवांत रवंथ करतात. घास निवडून खाणे शेळीला जमते, गाईला फारसे जमत नाही. पिशवीला लागलेला भात, मीठ, भाजीची साल यांच्या वासाने ती पिशवीसकट गिळते. पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात चारा महिनोन्‌महिने येतो-जातो, पण पिशवी पुढे सरकत नाही. एकीत दुसरी अडकते, दोरे गुंडाळले जातात आणि गोळा वाढत जातो. पोट भरलेलेच असल्याने भूक मरते. जनावर खंगते, दूध आटते, शेवटी वायू कोंडून पोट फुगते. शस्त्रक्रिया करून गोळा काढता येतो, पण त्यासाठी वेळेवर निदान हवे आणि जवळ दवाखाना हवा. पाड्यावर बहुतेकदा दोन्ही नसतात.

भात कापून झाल्यावर डोंगराकडे गुरे मोकळी सोडण्याची रीत आहे. मार्च ते मे या काळात हिरवा चारा संपतो. नेमक्या याच दिवसांत लग्नसराई असते आणि जेवणावळींचा कचरा मांडवामागे पडलेला असतो. गुरांच्या दृष्टीने वर्षातला हा सर्वांत धोक्याचा काळ.

चुलीत

पावसाळ्यात लाकूड ओले असते. अशा वेळी चूल पेटवायला प्लास्टिकच्या पिशवीसारखे सोयीचे काही नाही. ती भर्रकन पेटते, ठिबकत जळते आणि लाकूड धरते. अनेक घरांत त्यासाठी पिशव्या जपून ठेवलेल्या असतात. यात कुणाचा दोष काढण्यासारखे काही नाही. घरातला कचरा संपतो आणि चूलही पेटते, असा तो दुहेरी फायदा दिसतो.

पण चुलीची धग प्लास्टिक पूर्ण जाळण्याइतकी नसते. अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि काजळी निघते, आणि त्या काजळीबरोबर फुप्फुसाला घातक अशी द्रव्ये. पिशव्यांबरोबर पीव्हीसीचे तुकडे, म्हणजे जुन्या बॅनरचे कापड किंवा वायरचे आवरण जळले, तर आम्लाचा वायू निघतो आणि डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात. हा धूर कौलातून बाहेर जाण्याआधी चुलीपुढे बसलेल्या बाईच्या आणि तिच्या मांडीवरच्या बाळाच्या छातीत जातो. ज्या घरात खोकला हटत नाही, तिथे औषधाबरोबर चूल कशाने पेटवता हेही विचारायला हवे. आमच्या आरोग्यसेविका आता ते विचारू लागल्या आहेत. सुकलेल्या काटक्या, नारळाची किंवा ताडाची वाळलेली झावळी, शेणी, भाताचा पेंढा हे सगळे पावसाआधी घरात कोरड्या जागी रचून ठेवले, तर पिशवीची गरज पडत नाही. आज्यांना हे शिकवावे लागत नाही, फक्त आठवण द्यावी लागते.

शेतात आणि पाण्यात

पालघर, ठाणे, रायगड या भागांत भाताचे रोप टाकण्याआधी राब भाजतात. वाफ्यावर शेण, पाला, गवत, फांद्या पसरून पेटवतात. उकिरड्यातून आलेल्या शेणात पिशव्या असल्या, तर त्या वितळून मातीत मिसळतात. नांगराच्या फाळाला प्लास्टिकच्या चिंध्या लागून येतात. मातीत आडवी पसरलेली पिशवी पाणी मुरू देत नाही आणि रोपाच्या मुळाला आडवी येते.

पहिल्या पावसात उरलेल्या पिशव्या ओहोळात उतरतात. मोरीच्या तोंडाशी त्या साचल्या की रस्त्यावर पाणी चढते. झुडपात अडकलेल्या पिशवीच्या खोलगट भागात चार-पाच दिवस पाणी राहिले की डासांच्या अळ्या दिसू लागतात. ओहोळ वैतरणेला, पिंजाळला, सूर्येला मिळतात आणि नद्या समुद्राला. मुंबईला पिण्याचे पाणी पुरवणारी मोडक सागर, तानसा, भातसा ही धरणे याच आदिवासी डोंगरांच्या कुशीत आहेत. डोंगरातून शहराला पाणी जाते आणि शहरातून डोंगराला प्लास्टिक येते.

गरिबाची खरेदी लहान असते

"आदिवासी बांधवांना स्वच्छतेचे महत्त्व पटवून दिले पाहिजे," असे कधी कधी आपल्या सभांत ऐकू येते. आधी आठवडे बाजारात तासभर उभे राहावे आणि मग हे बोलावे. मजुरीचे पैसे हाती आले की घरची बाई दहा रुपयांचे तेल, पाच रुपयांची हळद, वीस रुपयांची सुकट, थोडा गूळ घेते. महिन्याचा किराणा एकदम भरण्याएवढा पैसा हातात नसतो. प्रत्येक लहान खरेदीला एक लहान पिशवी लागते. आपण पाच लिटरचा डबा आणतो, तिथे तिला तेवढ्याच तेलासाठी कितीतरी पुड्या घ्याव्या लागतात. त्यामुळे तिच्या घरात प्लास्टिक जास्त दिसते, वस्तू मात्र कमीच असतात.

शिवाय प्लास्टिकने तिथल्या काही गरजाही भागवल्या आहेत. पूर्वी लावणीच्या वेळी डोक्यावर बांबूचे आणि पानांचे इरले असे. ते विणायला हात आणि वेळ दोन्ही लागत. आज प्लास्टिकचा कागद डोक्यावरून घेतला की काम भागते. गळक्या कौलाखालीही तोच कागद लागतो. आधारकार्ड आणि रेशनकार्ड पावसात सुरक्षित राहते तेही प्लास्टिकच्या पिशवीत. वर्षानुवर्षे वापरायचा कागद आणि बाजारापासून घरापर्यंत वापरायची पिशवी यांत फरक केला पाहिजे. आपला विरोध एकदा वापरून फेकण्याच्या वस्तूला आहे.

कायदा काय सांगतो

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत ढगफुटीसारखा पाऊस झाला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या पुरात गटारे तुंबण्याच्या कारणांत प्लास्टिकच्या पिशव्यांचे नाव ठळकपणे पुढे आले. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, राज्याने अविघटनशील कचऱ्यावर नियंत्रण आणणारा कायदा केला. त्या कायद्याखाली २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात प्लास्टिकच्या हँडलच्या आणि बिनहँडलच्या पिशव्या, तसेच थर्माकोल व प्लास्टिकची एकदा वापरायची ताटे, वाट्या, पेले यांवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० रुपये आणि तिसऱ्याला २५,००० रुपये व तीन महिने कैद अशी शिक्षा ठरली. औषधांची वेष्टने, दुधाच्या ठरावीक जाडीच्या पिशव्या आणि कारखान्यातून बंद होऊन येणारा माल यांना सूट मिळाली.

केंद्र सरकारने पिशवीची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे चमचे, ताटल्या, पेले, स्ट्रॉ यांसारख्या एकदा वापरायच्या वस्तूंवर देशभर बंदी आहे. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी प्लास्टिक कचऱ्याची जबाबदारी शहरांबरोबर ग्रामपंचायतींवरही टाकली. स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण भागासाठीच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्याला प्लास्टिक कचरा हाताळणारे एक केंद्र उभारण्यासाठी १६ लाख रुपयांपर्यंत तरतूद करण्यात आली. तालुक्यात असे केंद्र चालू आहे का, हे पंचायत समितीत विचारण्याचा प्रत्येक नागरिकाला हक्क आहे.

बंदी असूनही पिशवी बाजारात मिळते, हे आपण सगळे पाहतो. बांगलादेशाने २००२ मध्ये, जगात सर्वप्रथम, पातळ पिशव्यांवर देशभर बंदी घातली; पण स्वस्त पर्याय आणि सातत्याची अंमलबजावणी यांच्याअभावी पिशव्या पुन्हा पसरल्या. त्याच वर्षी आयर्लंडने बंदी न घालता प्रत्येक पिशवीवर १५ सेंट कर बसवला आणि पिशव्यांचा वापर सुमारे ९० टक्क्यांनी घसरला. गिऱ्हाईक घरून पिशवी आणू लागले, कारण पिशवी फुकट मिळेनाशी झाली. म्हणजे कायदा लागतोच, पण दुकानाच्या गल्ल्यावर काय घडते यावर सारे ठरते.

फसवे पर्याय

हल्ली कापडासारखी दिसणारी रंगीत पिशवी सगळीकडे मिळते. कार्यक्रमांत तीच वाटली जाते. ती हातात मऊ लागते, पण बहुतेकदा ती पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या धाग्यांची असते. ती विणलेली नसते, धागे दाबून चिकटवलेले असतात. काडीने किंचित जाळून पाहिली तर कापसाची राख होते आणि ही मात्र वितळून गोळा होते. तिचे धागे सुटून जाळीत अडकतात आणि गुरांच्या तोंडीही लागतात.

खरी कापडी पिशवीसुद्धा आपोआप निर्दोष ठरत नाही. कापसाला पाणी लागते, खत लागते, गिरणीला वीज लागते. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याच्या संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हवामानावरील परिणामाच्या हिशोबाने, सुती पिशवी १३१ वेळा वापरली तरच ती एकदा वापरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते असे आढळले. म्हणून दर मेळाव्याला नवी छापील कापडी पिशवी वाटणे हे उत्तर नाही. जुन्या लुगड्याची, चादरीची, पँटच्या कापडाची शिवलेली पिशवी हे उत्तर आहे, आणि ती विसरून घरी न ठेवता रोज हातात घेणे हे त्याहून मोठे उत्तर.

पाड्यावर काय जमते

गेल्या वर्षभरात दोन पाड्यांवर आम्ही काही साध्या गोष्टी करून पाहिल्या. त्यातल्या काही जमल्या, काही जमल्या नाहीत.

तेलासाठी बाटली आणि सुकटीसाठी डबा घरून न्यायचा, हे बचत गटातल्या बायकांनीच सुचवले. दुकानदारही खूश झाला, कारण पिशव्यांचा खर्च त्याचाच वाचला. पण बाजारात जाणे ठरवून होत नाही. मजुरीवरून परत येताना जायचे तर बाटली जवळ नसते. तिथे गाडी अडली. आता दुकानातच धुतलेल्या बाटल्या ठेवून पाहत आहोत.

लग्नात आणि बारशाला पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण पुन्हा आणण्याचे दुसऱ्या पाड्याने ठरवले. बांबूच्या बारीक काड्यांनी पाने टाचण्याची कला अजून म्हाताऱ्या बायकांच्या बोटांत आहे. जेवण झाल्यावर पत्रावळ गुरांनी खाल्ली तरी अपाय नाही, उकिरड्यात गेली तर खत. पण पाने गोळा करून, टाचून, वाळवून शंभर पत्रावळी करायला जे कष्ट पडतात, त्यांचे मोल मिळाले नाही तर हे काम टिकणार नाही. कष्ट त्यांनी करायचे आणि पर्यावरणाचे समाधान आपण मिळवायचे, हे न्यायाचे नाही.

वेचलेले प्लास्टिक धुऊन, वाळवून गोणीत भरणे मुलांना आवडते. दोन महिन्यांत आठ गोण्या भरल्या. त्या उचलून न्यायला वाहन मिळेना, म्हणून शेवटी आमच्याच जीपमधून तालुक्याला पोचवल्या. असे प्लास्टिक बारीक करून डांबरात मिसळता येते. मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी ही पद्धत विकसित केली आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण गोणी डोंगरावरून खाली येण्याची सोय झाली, तरच ती रस्त्यापर्यंत पोचणार.

आपल्या हातातले

म्हणून या कामाची सुरुवात आपल्या घरापासून आणि आपल्या मंडळीपासून करू या. पुढच्या वर्गणीची विनंती या लेखात नाही. विनंती एवढीच आहे:

१. नाताळच्या भेटी पाठवताना स्वेटर, टॉवेल, ब्लँकेट यांची प्लास्टिकची वेष्टने आपल्या घरीच काढून ठेवावीत. कपडे जुन्या चादरीच्या गाठोड्यात बांधून द्यावेत. चादरही उपयोगी पडते.

२. गोळ्या-बिस्किटांच्या लहान पुड्यांऐवजी शेंगदाण्याची चिक्की, खजूर, गूळ असा खाऊ मोठ्या डब्यात द्यावा. डबा पाड्यावर वर्षानुवर्षे वापरला जातो.

३. उपासनेनंतरच्या प्रीतिभोजनाला आणि सणाच्या जेवणाला स्टीलची ताटे वापरावीत. ती नसतील तर पत्रावळी आमच्याकडून मागवाव्यात. पैसे थेट बनवणाऱ्या बायकांना मिळतील. मात्र मागणी तीन आठवडे आधी कळवावी.

४. तरुण संघांनी डोंगरावर वृक्षारोपणाला येताना रोपांच्या काळ्या पिशव्या मोजून आणाव्यात आणि तितक्याच मोजून परत न्याव्यात. पिशवी न काढता रोप लावले तर मुळे आतल्या आत वेटोळी होतात आणि झाड खुरटते.

५. धबधबा पाहायला, सहलीला आलात तर आणलेले सगळे प्लास्टिक सोबत परत न्यावे. आमच्या पाड्यावर डबा शोधू नये. डब्यात टाकलेलेही इथेच राहते.

६. शिवणयंत्र असलेल्या भगिनींनी जुन्या कपड्यांच्या पिशव्या शिवून द्याव्यात. बंद रुंद असावेत, म्हणजे पाच किलो तांदूळ खांद्याला काचत नाही.

आमच्या कार्यालयानेही एक नियम केला आहे. येत्या नाताळपासून पाड्यावर जाणाऱ्या गाडीत सामान चढवण्याआधी वेष्टने उतरवली जातील, आणि गाडी परतताना रिकामी येणार नाही. वेचलेल्या प्लास्टिकची निदान एक गोणी घेऊनच ती खाली येईल.

बैल गेला त्या घराने यंदा शेजाऱ्याच्या बैलाबरोबर आपला उरलेला बैल जुंपून भात लावले. त्यांच्या गोठ्याच्या मेढीला आता एक गोणी टांगलेली आहे. वाटेत दिसलेली पिशवी उचलून घरची मुले त्यात टाकतात. परवा गेलो तेव्हा ती निम्मी भरली होती. घरधनी म्हणाले, "ताई, गोणी भरली की कुठे द्यायची?" त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला आमची जीप पुढच्या महिन्यात तिकडे जाईल. पण तिथे कमी पिशव्या पोचाव्यात, हे आपल्या हातात आहे.